लिंबू नेऱ्याकडे निघालं

लिंबू पाण्यात पडलं, क्षणभर जागच्या जागी डुललं आणि उलट्या दिशेने चालू लागलं.

मी डोहाच्या काठावर हातात स्टॉपवॉच घेऊन उभा होतो. माझ्या मागे दहावीची बावीस मुलंमुली वह्या उघडून उभी होती. नदीचा वेग कसा मोजतात ते मी त्यांना नुकतंच मोठ्या ऐटीत समजावून सांगितलं होतं. काठावर शंभर फुटांच्या अंतराने दोन काठ्या रोवायच्या. वरच्या काठीपाशी लिंबू टाकायचं आणि खालच्या काठीपाशी ते किती सेकंदांत पोचलं ते बघायचं. लिंबूच का, तर ते निम्म्याहून जास्त पाण्यात बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलू शकत नाही. आमच्या खात्यात याला फ्लोट मेथड म्हणायचे.

"सर, लिंबू नेऱ्याकडे चाललं," सुधा म्हणाली. ती वर्गातली पहिल्या नंबरची मुलगी. गाव नवीन, वडील कचेरीतले बदली होऊन आलेले क्लार्क. नेरे गाव नदीच्या वरच्या अंगाला, जिकडून आम्ही आधीच्या रविवारी चालत आलो होतो तिकडे. म्हणजे नदी उगमाकडे निघाली होती.

"वाऱ्याने," मी म्हणालो.

काठावरच्या करंजाचं पानसुद्धा हलत नव्हतं. शिवाय लिंबाला वारा ढकलू शकत नाही हे मीच पाच मिनिटांपूर्वी सांगितलं होतं, आणि पोरांनी ते वहीत उतरवूनही घेतलं होतं.

"सर, उधाण आहे," रझाक म्हणाला. रझाकच्या मामांचा मचवा होता, पनवेल बंदरातून खाडीत चालणारा. "आज अमावास्या ना. भरतीचं पाणी वर चढतंय."

"उधाणाचं पाणी इथवर येत नाही," मी म्हणालो. "आमच्या रिपोर्टात तसं आहे."

रझाकने पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बरं सर." त्या काळी मुलं शिक्षकांना आणि सरकारी माणसांना असंच म्हणायची. लिंबू तोवर नजरेआड झालं होतं.

हे सगळं एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीचं. मी चोवीस वर्षांचा होतो, बार्शीकडचा, डिप्लोमा करून ओव्हरसियर म्हणून लागलेला. ओव्हरसियर म्हणजे इंजिनीअरच्या हाताखालचा, उन्हात उभं राहून काम बघणारा माणूस. समुद्र मी पनवेलला येईपर्यंत पाहिला नव्हता. आमच्याकडे नदीला पाणी असतं किंवा नसतं, ते दिवसातून दोनदा येत-जात नाही. नोकरी टेंपररी होती. वडिलांनी बार्शीतलीच एक मुलगी पाहून ठेवली होती, आणि मुलीचे वडील दर पत्रात एकच प्रश्न विचारत होते, की जावईबापू पर्मनंट झाले का.

माझं पर्मनंट होणं या डोहावर अडलं होतं. पनवेलला नळाचं पाणी द्यायची स्कीम आमच्या खात्याकडे होती. गावाच्या वरच्या अंगाला गाढी नदीत हा डोह. त्याच्या काठावर जॅकवेल खोदायची, म्हणजे नदीच्या पोटातून पाणी ओढून घेणारी मोठी विहीर, आणि पंपाने ते पाणी टाकीत चढवायचं. जागा पक्की करण्याआधी वर्षभर पाहणी झाली. दर पंधरवड्याला डोहाची खोली मोजायची आणि एक बाटली पाणी प्रयोगशाळेत पाठवायची. ते काम आमचा गेज-शिपाई जोमा घरत करायचा. गेज म्हणजे पाण्यात रोवलेला, फुटांच्या खुणा रंगवलेला खांब. जोमा खाडीकाठच्या गावचा आगरी, पन्नाशीला आलेला, आणि टेंपररीत माझ्याहून फार वरचा, कारण तो पंधरा वर्षं टेंपररी होता. तो आकडे आणायचा, मी सही करायचो.

चोवीस बाटल्या गेल्या. चोवीस उत्तरं आली, पाणी गोडं, पिण्यास योग्य. खोलीचे आकडे तर असे सारखे की पावसाळा सोडला तर बोटभराचा फरक नाही. आमचे डेप्युटी इंजिनीअर कारखानीससाहेब म्हणाले, "कुलकर्णी, इतकं शिस्तीचं रजिस्टर मी उभ्या सर्व्हिसमध्ये पाहिलं नाही. स्कीमवर सही झाली की पाठोपाठ तुझी ऑर्डर. पेढे तयार ठेव."

मी बार्शीला पत्र टाकलं, की महिना-दीड महिना धीर धरा.

त्याच सुमाराला हायस्कूलच्या शिंत्रेमास्तरांचा अर्ज आला. मास्तर भूगोल शिकवायचे. पुस्तकात गंगेचा उगम, सिंधूचा उगम पाठ करणाऱ्या मुलांना गावातली नदी कुठून येते हे ठाऊक नाही, म्हणून त्यांनी ठरवलं होतं की चार रविवारांत गाढी नदी उगमापासून समुद्रापर्यंत चालायची. खात्याने नकाशा आणि एक जाणकार माणूस द्यावा.

साहेबांनी अर्ज वाचला आणि त्यांची कळी खुलली. "कुलकर्णी, तू जा. मुलांना स्कीम समजाव. ठिकठिकाणचं पाणी बाटल्यांत भरायला लाव. भूमिपूजनाच्या दिवशी शाळेत प्रदर्शन करू. आधी प्रदर्शन, मग डोहावर नारळ."

"मी जाणकार कसला, साहेब? डोहाच्या वर मी गेलेलोच नाही."

"मग जाणकार होऊन ये. रविवारी तुला दुसरं काय काम आहे?"

पहिल्या रविवारी आम्ही माथेरानच्या डोंगराखाली धोदाणीला गेलो. नकाशावर उगम म्हणजे एक निळी रेघ सुरू होते ती जागा. तिथे पोचलो तर नुसते कोरडे धोंडे. एक म्हातारा ठाकर शेळ्या राखत बसला होता. मास्तरांनी त्याला विचारलं, "बाबा, गाढी नदीचा उगम कुठे?"

"कंचा उगम?" तो म्हणाला. "पावसात या की. समदा डोंगरच उगम हाय."

मास्तरांना हे पटण्यासारखं नव्हतं, कारण संपूर्ण डोंगराचं पाणी एका बाटलीत भरता येत नाही. शेवटी म्हाताऱ्यानेच एका कपारीतला ओलसर खड्डा दाखवला. रझाकने वाटीने पाऊण तास पाणी टिपून पहिली बाटली भरली. बाटल्या दवाखान्यातून मागून आणलेल्या, औषधाच्या, अंगावर डोसाच्या पट्ट्या असलेल्या. त्या धुऊन आणायचं काम सुधाचं. वहीदेखील तिचीच. तिने रकाने आखले होते, बाटलीचा नंबर, ठिकाण, तारीख, वेळ, चव. चवीचा रकाना मास्तरांनी सांगितला होता. वेळेचा रकाना होता, कारण रझाकने मामांचं मनगटी घड्याळ चार रविवारांसाठी मागून आणलं होतं. इतकं भारी घड्याळ हाताला असताना वेळ लिहायची नाही म्हणजे घड्याळाचा अपमान. दर बाटलीला तो बाही वर करून मोठ्याने वेळ सांगायचा आणि सुधा ती लिहायची.

दुसऱ्या रविवारी नेऱ्यापासून खाली आलो. पाणी जेमतेम घोट्याएवढं, चव गोड. आठ बाटल्या झाल्या. पोरांच्या पायांना फोड आले, माझ्याही.

आणि तिसऱ्या रविवारी आमच्या डोहावर लिंबू उलटं गेलं.

लिंबाचं वाऱ्यावर ढकललं, तरी बाटली भरायची राहिलीच होती. रझाकने नववी बाटली भरली. "बारा वाजून वीस मिनिटं." सुधाने ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"सर, खारट."

मी चाखलं. खारटच होतं. चमचाभर मीठ सांडल्यासारखं नव्हे, पण आमटीत पडलं असतं तर घरात वाद झाला असता. चोवीस रिपोर्ट, माझ्या चोवीस सह्या, भूमिपूजनाची छापायला गेलेली पत्रिका आणि बार्शी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

"बाटली नीट धुतलेली दिसत नाही," मी म्हणालो.

सुधाचा चेहरा उतरला. ओंजळीतलं पाणी बाटलीतलं नव्हतं, नदीतलं होतं, हे तिच्याही लक्षात आलं नाही की तिने बोलून दाखवलं नाही, मला माहीत नाही. रकान्यात तिने 'खारट' लिहिलं आणि पुढे बारीक अक्षरांत 'बाटली अस्वच्छ?' असं लिहिलं. संध्याकाळी पाचला खालच्या पुलापाशी दहावी बाटली भरली. ती मचूळ निघाली, म्हणजे नवव्या बाटलीपेक्षा बरी.

सोमवारी ऑफिस उघडताच मी जोमाला गाठलं. रजिस्टर त्याच्यापुढे टाकलं.

"जोमा, डोहात उधाणाचं पाणी चढतं?"

"चढतं ना, सायेब. थंडीपासना पावसापरंत दर उधानाला चढतं."

"मग चोवीस बाटल्यांत एकही खारट कशी नाही?"

जोमाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हा प्रश्न शहाण्या माणसाने विचारायचा नसतो. "सायेब, तुमीच बोललाव. जोमा, लोकांना पेयाचं पानी हाय, बरं बगून भर. मंग मी बरं बगूनच भरलं. भरतीचं खारं पानी सरकारला धाडायचं? मी काय येडा हाय?"

"मग काय करायचास तू?"

"तिथी बगायचो. तिथीची पाऊनपट केली का बंदरातल्या भरतीचा टाइम कलतो, डोहात ती तासाभरानं मागं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सा वाजता. पुरी भरती झाल्यावर पानी उतरेपरंत काठाला बसायचो. कंदी कंदी चार-चार तास बसलो हाय, सायेब. पानी गोडं झालं का बाटली भरायची नं गेज वाचायचा. एक डाव चुकलो नाय."

तर माझ्या शिस्तीच्या रजिस्टरचं रहस्य हे होतं. आकडे एकसारखे होते, कारण जोमा नदी दर खेपेला त्याच एका घटकेला बघत होता. खाडीकाठची माणसं पंचांगाशिवाय तिथी सांगतात आणि घड्याळाशिवाय भरती. ती सगळी विद्या जोमाने पंधरा वर्षांच्या इमानाने सरकारची फसवणूक करायला वापरली होती, आणि तीही सरकारचा मान राखावा म्हणून. पाहुण्याला कोणी नासलेलं दूध देत नाही. मला त्याच्यावर रागावताही येईना. 'बरं बघून भर' हे शब्द माझेच होते.

"आणि मी डोहावर यायचो तेव्हा?"

"तुमाला तरी खारं पानी कसं दाखवायचं? मीच सांगायचो ना, आज नका येव, उद्या या."

खरंच सांगायचा. मला वाटायचं, काय काळजी घेतो हा माणूस माझी.

मी रजिस्टर उघडून पुन्हा पाहिलं. छापील फॉर्ममध्ये तारीख होती, खोली होती, बाटलीचा नंबर होता, शिपायाचा अंगठा होता, ओव्हरसियरची सही होती. वेळेचा रकाना नव्हता. खात्याने छापला नव्हता आणि मला सुचला नव्हता. बावीस पोरांच्या वहीत तो होता, पण घड्याळ मिरवायचं म्हणून.

मी साहेबांपुढे जाऊन सगळं सांगितलं. कारखानीससाहेब मनाने वाईट नव्हते. रिटायर व्हायला त्यांना दोन वर्षं उरली होती, आणि त्या वयात माणूस नवीन माहितीकडे जरा संशयानेच बघतो.

"डोहात भरती येते हे आणखी कोणाला ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

"साहेब, अख्ख्या पनवेलला."

"मग कोणी बोललं कसं नाही?"

"मी बाजारात चौकशी केली. लोकांना वाटतंय सरकार खारं पाणी गोडं करायचं मशीन आणणार."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "अख्ख्या पनवेलला ठाऊक आहे. खात्याला आहे का?"

"आता मला आहे."

"तू टेंपररी आहेस." हे त्यांनी धमकी म्हणून नव्हे, हिशेब मांडावा तसं सांगितलं. "हे बघ. लेव्हल चढली तर पुढे खाली बांध घालू. सगळं करू. पण आधी मंजुरी. भूमिपूजनाला अलिबागहून ई.ई.साहेब येणार आहेत, सही त्याच दिवशी. प्रदर्शनात ती नऊ नंबरची बाटली तेवढी बदल. गोडं पाणी भरून ठेव. जोमाला सांग, तो बरोबर आणेल."

ई.ई. म्हणजे एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर, आमच्या साहेबांचे साहेब.

जोमाने गोड्या पाण्याची बाटली दुसऱ्याच दिवशी आणून दिली. ती आठवडाभर माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून होती. ड्रॉवर उघडला की ती गडगडत पुढे यायची. शेवटी मी ड्रॉवर उघडायचं सोडून दिलं.

चौथ्या रविवारी रझाकच्या मामांच्या मचव्यातून समुद्राकडे जायचं होतं. सप्तमी होती. तिथीची पाऊणपट केली तर सव्वापाच. साडेसहाला मचवा बंदरातून सुटला, ओहोटीवर. वाटेत काही लागलं तर, म्हणून साहेबांनी जोमालाही बरोबर धाडलं होतं. दोन्ही बाजूंना तिवरं, त्यांच्या मागे मिठागरांचे चौकोन, पांढरे ढीग. माझ्या झोळीत जोमाची ती बाटली होती. शाळेच्या पेटीत बाटल्या ठेवताना नऊ नंबरची काढायची आणि ही ठेवायची, एवढंच काम होतं.

काठावरचं उलवं गाव मागे पडलं तेव्हा सुधाने वही काढली. तेरा बाटल्यांच्या चवी तिने ओळीने वाचल्या. गोडं, गोडं, आठव्यापर्यंत गोडं. नववी खारट. दहावी मचूळ. अकरावी बंदरातली, खारट. पुढच्या दोन कडू म्हणाव्यात इतक्या खारट.

"नववीच चुकलीय," ती म्हणाली. "वरची खारट आणि खालची तिच्यापेक्षा गोड, असं कसं होईल? सर म्हणाले तसं, बाटली मीच नीट धुतली नसणार."

"बाटली ठीक होती," रझाक म्हणाला. "अमावास्येचं उधाण होतं. दहावी आपण सुकतीला, पाणी उतरताना भरली."

"सरांच्या छापील रिपोर्टात डोहाचं पाणी गोडं आहे."

"मग सरांचं..." इथे रझाकला मी मचव्यातच बसलोय हे आठवलं. "मग असेल."

"मी ती बाटली टाकून देते," सुधा म्हणाली. "उद्या डोहावर जाऊन दुसरी भरून आणते. आणि वहीत पान बदलून लिहिते." तिने पेटी उघडली, नववी बाटली काढली आणि तिचं बूच उपटलं.

मला काहीही करायचं नव्हतं. बाटली बदलायची नव्हती, खोटं बोलायचं नव्हतं. नुसतं खाडीकडे बघत गप्प बसायचं होतं. माझं काम एक शाळकरी पोर स्वतःहून, स्वतःला दोष देत, करून टाकत होती. समोर जोमा मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळीवर बसून विडी ओढत माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत आरोप नव्हता, साहेब आता काय करतात एवढीच उत्सुकता होती. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती आणि, खरं सांगायचं तर, सरकारी नोकरीत त्यानंतरही फारशी वाटली नाही.

"टाकू नकोस," मी म्हणालो.

"पण सर, ती चुकीची आहे."

"ती बरोबर आहे. तुझी बाटली स्वच्छ होती. वारा नव्हता. रझाक म्हणाला तसं उधाण होतं. रिपोर्ट चुकलाय, आणि रिपोर्टावर सही माझी आहे."

शिंत्रेमास्तर खाकरले. सुधाने बूच परत घट्ट बसवलं आणि 'बाटली अस्वच्छ?' या शब्दांवर रेघ मारली, चांगली दोनदा. मग मी झोळीतली जोमाची बाटली काढून पाण्यात ओतली. जोमा हळहळला. "तीन तास बसलो होतो त्या बाटलीसाठी," तो म्हणाला.

न्हावा गावाच्या टोकापुढे मोकळा समुद्र दिसला तिथे चौदावी बाटली भरली. नदी नेमकी कुठे संपली यावर मुलांचं परतीच्या भरतीवर दोन तास भांडण चाललं, आणि निकाल काही लागला नाही.

भूमिपूजन होळीच्या आदल्या दिवशी होतं. सकाळी साडेअकराचा मुहूर्त. तो भटजींनी काढला नव्हता, ई.ई.साहेबांची मोटर अलिबागहून किती वाजता पोचेल यावरून ऑफिसने काढला होता. सकाळी डोहाच्या काठावर खड्डा खणून ठेवला. जोमा माझ्या कानाशी लागला, "सायेब, आज चतुर्दशी हाय. साडेअकराला हा खड्डा भरंल." मी ते कारखानीससाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मुहूर्त छापून गेलाय."

दहाला शाळेत प्रदर्शन. टेबलावर पांढऱ्या चादरीवर चौदा बाटल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. ई.ई.साहेब उंच, बारीक, कमी बोलणारे. ते एकेक चिठ्ठी वाचत आले. नवव्या बाटलीपाशी थांबले. आमच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"हा आपला डोह ना?" ई.ई.साहेबांनी विचारलं. "खारट? कोणी लिहिलंय?"

"मी," सुधा म्हणाली. "अमावास्येला, बारा वीसला. घड्याळ रझाकच्या मामांचं आहे." तिला बहुतेक घड्याळाची खात्री द्यायची होती. "मी टाकून देणार होते, पण कुलकर्णी सर म्हणाले टाकू नकोस, हीच बरोबर आहे."

ई.ई.साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग बूच काढून बोट बुडवलं, चाखलं, आणि रुमालाला पुसलं. "चला," ते म्हणाले, "नारळ फोडू."

आम्ही डोहावर पोचलो तेव्हा खड्डा काठोकाठ भरला होता. त्यात एक छोटा खेकडा आरामात फिरत होता. कंत्राटदाराची माणसं डबड्यांनी पाणी उपसत होती आणि पाणी त्यांच्यापेक्षा जोरात येत होतं. भटजींनी नारळ फोडला. एक भकल खड्ड्यात पडलं, तरंगलं, आणि काठाची माती ढासळताच नदीत जाऊन सावकाश नेऱ्याच्या दिशेने निघालं. बावीस मुलांपैकी कोणीतरी फिसकन हसलं.

"कारखानीस," ई.ई.साहेब म्हणाले, "फाइल मी बरोबर घेऊन जातो."

स्कीमची जागा बदलली. जॅकवेल नदीच्या वरच्या अंगाला, जिथे कुठलंही उधाण चढत नाही अशा ठिकाणी गेली. सर्वांना न्याय मिळाला, तो असा. कारखानीससाहेबांना 'पाहणीच्या कामात विद्यार्थ्यांचं सहकार्य घेण्याची कल्पकता दाखवल्याबद्दल' शाबासकीचं पत्र आलं. मला मेमो आला, की पाण्याचे नमुने कोणत्या वेळी घेतले याची नोंद का ठेवली नाही, खुलासा करावा. माझी ऑर्डर दोन वर्षं लांबली. आणि जोमा घरत पर्मनंट झाला. त्याचं रजिस्टर तपासणाऱ्या साहेबांनी शेरा मारला होता, की संबंधित शिपायाच्या कामात एकही चूक आढळली नाही. ती नव्हतीच.

आनंदाने जोमाने मला भलामोठा जिताडा आणून दिला. हा खाडीतला राजा मासा, इकडे मान म्हणून देतात. मी खात नाही हे त्याला ठाऊक होतं, पण मानाच्या वस्तूत खाणं-न खाणं बघत नाहीत. मी तो कारखानीससाहेबांकडे पाठवला. त्यांनी कळवलं, उत्तम होता. बार्शीची मंडळी मात्र दोन वर्षं थांबली नाहीत. त्या मुलीचं लग्न एका पर्मनंट पोस्टमास्तरांशी झालं. त्याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, ते आता लपवण्यात अर्थ नाही.

माझ्या खुलाशावरून खात्याने पुढच्या छपाईत फॉर्म सुधारला. तारखेशेजारी ठळक अक्षरांत 'वेळ' असा रकाना आला. माझ्या सर्व्हिसमध्ये मी धरणं बांधली, पूल बांधले, पण मनातल्या मनात अभिमान त्या दीड इंच रुंदीच्या रकान्याचाच वाटायचा.

रिटायर व्हायच्या आधी शेवटच्या इन्स्पेक्शनला मी दुसऱ्या एका खाडीकाठच्या सबडिव्हिजनला गेलो. मीच आता ई.ई. होतो. तरुण ओव्हरसियरने गेजचं रजिस्टर समोर ठेवलं. स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. मी वेळेच्या रकान्यावरून बोट फिरवलं. सकाळी ११. सकाळी ११. वर्षभर, पानोपान, सकाळी ११.

"दरवेळी अकरालाच?" मी विचारलं.

"ऑफिस तेव्हाच उघडतं ना, सर," तो म्हणाला. "रकाना रिकामा ठेवला तर ऑडिट ऑब्जेक्शन येतं."

मी रजिस्टर मिटलं, आणि शिपायाला बाजारातून एक लिंबू आणायला सांगितलं.